पुलापलीकडचे नुकसान

मनमाड हे पूल घडवणारे गाव आहे. रेल्वेच्या पुलांना लागणारे पोलादी गर्डर तयार करणारा अभियांत्रिकी कारखाना इथे १९०६ पासून आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी लाईन, दौंडकडून येणारी लाईन आणि निझामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे आलेली लाईन इथे एकत्र आल्या आणि गाव जंक्शन झाले. त्याच रुळांनी गावाचे दोन भागही केले. हे दोन भाग जोडणारा आणि पुणे-इंदूर महामार्गाची वाहतूक रुळांवरून नेणारा उड्डाणपूल म्हणूनच इथल्या जगण्याचा कणा आहे. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी या इंग्रजी अमदानीतल्या पुलाचा काही भाग कोसळला आणि वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो कुणाला इजा झाली का, आणि दुसरा असतो पूल पुन्हा कधी सुरू होणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारला तरी त्याला उत्तर देणारे कार्यालय सापडत नाही: पूल बंद असताना ज्यांचा धंदा बसला, त्यांचे नुकसान कुणाच्या खात्यावर मांडायचे?

मनमाडसारख्या ठिकाणी हा प्रश्न लहान नाही. पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे इंधन डेपो आहेत आणि तिथून टँकर भरून चहूकडे जातात. भारतीय अन्न महामंडळाची इथली गोदामे देशातल्या मोठ्या धान्यकोठारांत मोजली जातात. बाजार समितीत भोवतालच्या गावांचा कांदा आणि मका येतो. या सगळ्या मालाच्या मागे माणसे आहेत: ट्रक-टँकरचे मालक आणि चालक, गोदामातले हमाल, आडते, आणि महामार्गाच्या कडेला गाड्यांवर पोट असणारे पंक्चरवाले, गॅरेजवाले, खानावळवाले, चहाच्या टपऱ्या चालवणारे. पूल बंद झाला की एकाला वळसा घालून जादा डिझेल जाळावे लागते, दुसऱ्याच्या दिवसाच्या खेपा कमी होतात, तिसऱ्याच्या दारावरून जाणारे गिऱ्हाईकच नाहीसे होते. यातल्या कुणाचीही वीट पडलेली नसते, पत्रा वाकलेला नसतो. म्हणून कायद्याच्या लेखी यांचे काहीच गेलेले नसते. नुकसान झाले खरे, पण हक्क मोडला नाही, आणि हक्क मोडला नसेल तर भरपाई नाही, हे तत्त्व वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. हे तत्त्व कुठून आले, कुणाच्या सोयीसाठी रुजले आणि कुठे कुठे मोडले, हे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते: तुटलेली वस्तू आणि बुडालेली कमाई यांच्यातली रेषा न्यायाने आखलेली नाही. ती एका विशिष्ट काळाच्या गरजेने आखली, आणि आज ती बदलता येते.

ती रेषा ज्या काळात पक्की झाली तो रेल्वेचाच काळ होता. १८६३ मध्ये लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या बांधकामासाठी रस्ते अडवले गेले, आणि एका मद्यगृहाच्या मालकाने दावा लावला की वाट बंद झाल्याने गिऱ्हाईक येईना. रिकेट विरुद्ध मेट्रोपॉलिटन रेल्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १८६७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची मागणी फेटाळली. जमिनीला वा इमारतीला धक्का लागला तर भरपाई, पण रस्ता अडल्याने धंदा कमी झाला तर नाही, असा त्या निकालाचा अर्थ झाला. याच दशकात थळ घाट चढून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नाशिक जिल्ह्याच्या माळावर आली होती. लंडन असो की खानदेशची वाट, सगळीकडे रूळ टाकण्याची घाई होती. प्रत्येक अडलेल्या रस्त्यामागे प्रत्येक दुकानदाराला पैसे द्यावे लागले तर रेल्वे परवडणार नाही, ही भीती त्या काळच्या हवेतच होती. न्यायाधीशांनी ती बोलून दाखवली असो वा नसो, निकालांचा कल तिच्या बाजूने पडला.

आठच वर्षांनी, १८७५ मध्ये, या रेषेला तिचा कायमचा तर्क मिळाला. इंग्लंडातल्या एका रस्त्याच्या भरावाखालून बोगदा खणण्याचे काम कॅटल नावाच्या ठेकेदाराने जमीनमालकाकडून घेतले होते. पाणी कंपनीच्या नळातून गळती झाली, भरावात पाणी शिरले, काम लांबले आणि ठेकेदाराचा नफा गेला. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्याला भरपाई नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, असा दावा मान्य केला तर खाणीत पाणी शिरल्यावर फक्त खाणमालक नव्हे, तर रोजगार बुडालेला प्रत्येक खाणमजूरही न्यायालयात येईल. हा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे. त्यात मजुराचे नुकसान खोटे आहे असे म्हटलेले नाही. ते खरे आहे, आणि अशी माणसे फार आहेत, हीच त्याला नकार देण्याची सबब आहे. ज्या नुकसानीचा बळी एक असतो ते मोजायचे, आणि ज्याचे बळी अनेक असतात ते सोडून द्यायचे, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब आपल्याकडे आला तो न्यायालयांच्या वाटेने. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि जिथे लिखित कायदा नाही तिथे न्याय, समदृष्टी आणि सद्विवेक यांना धरून निकाल द्यायचा, या सूत्राखाली इंग्रजी निकालांचीच री ओढली गेली. करारभंगाच्या बाबतीत तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ ने लिहूनच ठेवले की दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळणार नाही. सार्वजनिक रस्त्याला अडथळा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली तो दूर करण्यासाठी दावा लावता येतो. पण एखाद्या व्यापाऱ्याला स्वतःसाठी पैसे हवे असतील, तर आपले नुकसान बाकीच्या जनतेपेक्षा वेगळे आणि विशेष आहे हे त्याला सिद्ध करावे लागते. पूल पडल्यावर जिथे अख्ख्या गावाचा धंदा बसतो, तिथे नेमके हेच सिद्ध करणे अवघड होते. ज्या दिवशी सगळेच बुडतात त्या दिवशी कुणीच विशेष बुडालेला नसतो.

तरीही त्याच इंग्रजी राजवटीने, त्याच शतकात, कमाई मोजता येते हे एका कायद्यात मान्य केले होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २३ मध्ये जमिनीच्या किमतीबरोबर आणखीही काही गोष्टी विचारात घ्यायला सांगितल्या होत्या. संपादनामुळे माणसाच्या इतर मालमत्तेला किंवा त्याच्या कमाईला बाध येत असेल, तर तोही भरपाईत धरायचा होता. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातही ही तरतूद राहिली. म्हणजे सरकारने रस्त्यासाठी एखाद्याची जमीन घेतली तर त्याची बुडणारी कमाई हिशेबात येते, पण तोच रस्ता कोसळून बंद झाला तर शेजारच्याची बुडालेली कमाई हिशेबाबाहेर राहते. दोघांची झळ सारखी असू शकते. फरक इतकाच की एकाच्या नावावर सातबारा आहे आणि दुसऱ्याच्या नावावर नाही. धंद्याचे नुकसान धूसर असते, मोजता येत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही. जिल्हाधिकारी कार्यालये सव्वाशे वर्षे हे मोजमाप करत आली आहेत.

रेल्वेच्या आधी हीच गोष्ट समुद्रावर घडली होती, आणि तिथे तर तिला कायद्याचेच कुंपण मिळाले. जहाजमालकांच्या मागणीवरून १७३४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने पहिला कायदा केला, आणि मालकाची जबाबदारी जहाजाच्या व भाड्याच्या किमतीपुरती मर्यादित झाली. अमेरिकेने १८५१ मध्ये तसाच कायदा केला. समुद्रावरच्या जोखमीला भांडवल मिळावे, हा हेतू होता आणि त्या काळी तो समजण्यासारखा होता. वायरलेस नाही, महिनोन्महिने मालकाला जहाजाची खबर नाही, अशा जगातला तो कायदा होता. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्स ड्राय डॉकच्या खटल्यात दुसरे कुंपण घातले. गोदीत दुरुस्ती चालू असताना जहाजाचा पंखा बिघडला, आणि जहाज भाड्याने घेतलेल्यांचे दोन आठवडे वाया गेले. न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले की जहाज त्यांचे नव्हते, सबब भाडेकरूंना गोदीविरुद्ध दावा नाही. मर्यादेच्या कायद्याने रक्कम आखडली, आणि या निकालाने मागणाऱ्यांची रांगच आखडली. जहाज पुलावर आदळते तेव्हा ही दोन्ही कुंपणे एकदम उभी राहतात.

धान्याच्या गोदामांचे गाव म्हणून मनमाडच्या माणसाला सगळ्यात जवळचे वाटावे असे उदाहरण अमेरिकेतल्या बफेलो शहराचे आहे. २१ जानेवारी १९५९ च्या रात्री बफेलो नदीत बर्फाच्या रेट्याने एका जहाजाचे दोर तुटले. ते वाहत जाऊन दुसऱ्या जहाजावर आदळले, आणि दोन्ही जहाजे मिळून मिशिगन अ‍ॅव्हेन्यू पुलावर येऊन थडकली. पूल पडला, बर्फ आणि मोडतोड यांचा बांध तयार झाला, नदीचे पाणी मागे फुगून काठावरच्या इमारतींत शिरले. १९६४ मध्ये न्यायालयाने पाणी शिरलेल्यांना भरपाई दिली. पण नदी अडल्यामुळे कारगिल या धान्य कंपनीचे गव्हाने भरलेले जहाज कोठारापर्यंत नेता येईना, आणि ठरलेला गहू पुरवण्यासाठी तिला दुसरीकडून धान्य विकत घ्यावे लागले. हा जादा खर्च मागणारा दावा १९६८ मध्ये फेटाळला गेला, कारण ते नुकसान फार दूरचे ठरले. घटना एक, चुका त्याच, नदी एक. भिजलेल्या तळघराला पैसे मिळाले आणि अडकलेल्या गव्हाला मिळाले नाहीत. दूर म्हणजे किती दूर, याचे माप त्या निकालात सापडत नाही, आणि न्यायालयाने ते सापडते असा दावाही केला नाही. रेषा कुठेतरी ओढावी लागते म्हणून ती तिथे ओढली.

एक गाव दोन भागांत तुटले म्हणजे काय होते, हे ऑस्ट्रेलियातल्या होबार्टने ५ जानेवारी १९७५ पासून अनुभवले. लेक इलावारा हे खनिज वाहून नेणारे जहाज टास्मान पुलाच्या खांबांवर आदळले आणि पुलाचा भाग खाली आला. त्यात १२ माणसे गेली. शहराच्या पूर्व काठावर लोक राहत होते, पण कचेऱ्या, शाळा, रुग्णालये आणि बाजार बहुतेक पश्चिम काठावर होते. पूल पुन्हा सुरू झाला तो ८ ऑक्टोबर १९७७ रोजी, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. तोवर माणसांनी होड्यांच्या फेऱ्यांवर आणि लांबच्या वळशावर दिवस काढले. मोडलेल्या पुलाची किंमत एका आकड्यात लिहिता आली. या पावणेतीन वर्षांत रोज वळशात गेलेले तास कुणाच्याच हिशेबवहीत जमा झाले नाहीत.

या सगळ्या नकारांच्या मालिकेत एक निकाल वेगळा उभा आहे, आणि त्यात वादी होती खुद्द रेल्वे. २८ नोव्हेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या फ्रेझर नदीवर दाट धुक्यात एका टगबोटीने ओढून आणलेला लाकडाचा बार्ज न्यू वेस्टमिन्स्टरच्या रेल्वे पुलावर आदळला. पूल सरकारचा होता, पण त्यावरून धावणाऱ्या गाड्यांपैकी बहुसंख्य कॅनेडियन नॅशनल रेल्वेच्या होत्या. पूल बंद पडल्यावर गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवण्याचा खर्च या रेल्वेने टगबोटीच्या मालकाकडे मागितला. १९२७ च्या अमेरिकी नियमाने हा दावा पहिल्याच दिवशी संपला असता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९२ मध्ये ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो मान्य केला. न्यायमूर्ती मॅक्लाक्लिन यांचा मुद्दा असा होता की पुलाचा मालक आणि पुलावर जगणारी रेल्वे यांचे व्यवहार इतके गुंतलेले आहेत की पुलाचे नुकसान हे रेल्वेचेही नुकसान ठरते. पूल मालकीचा नसला तरी वापराचे नाते कायद्याला दिसू शकते, हे या निकालाने दाखवले. मनमाडच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे. नदीवरच्या पुलाशी रेल्वेचे जे नाते, तेच रुळांवरच्या पुलाशी पानेवाडीच्या टँकरवाल्याचे आणि पुलाच्या तोंडाशी टपरी लावणाऱ्याचे आहे. फरक आहे तो फक्त वादीच्या ऐपतीचा.

बाल्टिमोरमध्ये २६ मार्च २०२४ च्या पहाटे डाली हे कंटेनरवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले आणि हाच जुना वाद जगासमोर आला. पुलावर डागडुजी करणारे ६ कामगार मरण पावले. जहाजावरच्या २१ खलाशांपैकी २० भारतीय होते. अवघ्या सहा दिवसांत, १ एप्रिलला, जहाजाच्या मालक आणि व्यवस्थापक कंपन्यांनी १८५१ च्याच कायद्याखाली अर्ज करून आपली जबाबदारी सुमारे ४ कोटी ३७ लाख डॉलरपुरती मर्यादित ठेवण्याची मागणी केली. बंदराचा मुख्य जलमार्ग पूर्ण क्षमतेने खुला झाला तो १० जूनला. मधल्या अडीच महिन्यांत गोदीतला कामगार, मालवाहू ट्रकचा चालक, बंदराच्या आसपासचा दुकानदार या सगळ्यांचे जे बुडाले, त्याच्या वाटेत १९२७ चा निकाल आडवा आला. पूल त्यांचा नव्हता. शिडाच्या जहाजांच्या काळातला नियम आज हजारो कंटेनर वाहणाऱ्या, उपग्रहाने क्षणोक्षणी माग लागणाऱ्या जहाजाला ढाल म्हणून वापरला जातो, हे पाहिल्यावर त्या नियमाचे मूळ कारण उरले आहे का, असा प्रश्न विचारायलाच हवा.

भारतात जहाज पुलावर आदळल्याची ठळक घटना पांबनची आहे. जानेवारी २०१३ मध्ये एक बार्ज वाहत येऊन रामेश्वरमला जोडणाऱ्या १९१४ च्या रेल्वे पुलाच्या खांबावर आदळला आणि गाड्या थांबल्या. पण आपल्याकडे या प्रश्नाची खरी चाचणी पुलापेक्षा समुद्रकिनाऱ्यावर झाली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले, मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मासेमारी बसली. समुद्र कोळ्याच्या मालकीचा नाही, जसा रस्ता ट्रकवाल्याच्या मालकीचा नाही. तरी २०१५ मध्ये पुण्यातल्या राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या एका वेगळ्या प्रकरणातल्या अर्जावर जो निवाडा दिला, त्याने ही अडचण बाजूला सारली. भरावामुळे भरती-ओहोटीचे पाणी अडले आणि मासेमारीची उपजीविका गेली म्हणून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत, असा आदेश लवादाने जवाहरलाल नेहरू बंदर, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि सिडको यांना दिला. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ बुडाल्यावर केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा उच्च न्यायालयात लावला, आणि त्यात मच्छीमारांच्या बुडालेल्या कमाईचा आकडा वेगळा मांडला. म्हणजे मालकी नसतानाही उपजीविका मोजण्याची कल्पना भारतीय कायद्याला परकी राहिलेली नाही. ती किनाऱ्यापर्यंत आली आहे. तिला घाट चढून मनमाडपर्यंत यायचे आहे.

यावर पहिला आक्षेप तोच जुना आहे, ब्लॅकबर्न यांचा: दार उघडले की लोंढा येईल. पूल पडल्याने टँकर उशिरा पोचला, म्हणून पंप कोरडा पडला, म्हणून ट्रॅक्टर थांबला, म्हणून पेरणी लांबली, मग कुठे थांबायचे? थांबायचे कुठे हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर सुरुवातच करायची नाही असे असू शकत नाही. तेलगळतीची भरपाई देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. हा निधी मच्छीमाराला तर पैसे देतोच, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यालाही देतो. दावेदार घटनास्थळापासून किती जवळ आहे, त्याची कमाई त्या किनाऱ्यावर किती अवलंबून आहे, त्याला दुसरा पर्याय होता का, आणि त्याचा धंदा त्या भागाच्या अर्थव्यवहाराचा अविभाज्य भाग आहे का, अशा चार कसोट्या तो लावतो. या कसोट्या मनमाडला लावून पाहाव्यात. पुलाच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजवाल्याला त्या बसतात, कोसभर पलीकडच्या पंपावर डिझेल न मिळालेल्या शेतकऱ्याला बहुधा बसत नाहीत. रेषा इथेही ओढली जाते, पण तिच्यामागे कारण असते आणि ते कारण माणसाला समजावून सांगता येते.

दुसरा आक्षेप विम्याचा. धंदा करणाऱ्याने आपली जोखीम आपणच ओळखावी आणि विमा घ्यावा. कॅनडाच्या खटल्यात विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ला फॉरेस्ट यांनी हाच मुद्दा ताकदीने मांडला होता, आणि रेल्वेसारख्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत तो बिनतोड आहे. पुलाला पर्याय शोधण्याची, करारात तरतूद करण्याची, विमा घेण्याची तिला पूर्ण मुभा आणि ऐपत असते. पण हा आक्षेप जितका मोठ्यांना लागू पडतो तितका लहानांना पडत नाही. धंदा बंद पडल्याची भरपाई देणाऱ्या विम्यात साधारणतः आपल्याच विमा उतरवलेल्या मालमत्तेचे नुकसान व्हावे लागते. टपरीवाल्याची टपरी शाबूत असते, फक्त तिच्यासमोरून रस्ता नाहीसा झालेला असतो. रोजंदारीवरच्या हमालाने कोणत्या खिडकीवर कोणता विमा मागायचा? म्हणून या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष असा की भरपाई लहान उपजीविकेपुरती ठेवावी आणि मोठ्या कंपन्यांनी आपापले विमे पाहावेत. भरपाईच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो सगळ्यात सूक्ष्म आहे. मनमाडच्या खानावळीत न जेवलेला चालक वळशाच्या वाटेवर दुसऱ्या ढाब्यावर जेवतो. एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले, समाजाचे एकूण काही गेले नाही, मग भरपाई कशाची? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वळशात जळालेले डिझेल कुणालाच मिळत नाही. हमालाचा बुडालेला दिवस दुसऱ्या गावच्या हमालाच्या आयुष्यात जमा होत नाही. आणि जिथे खरोखर एकाचे दुसऱ्याकडे जाते, तिथेही मिळवणारा गमावणाऱ्याला काही परत करत नाही. समाजाची बेरीज तीच राहिली म्हणून घरची वजाबाकी पुसली जात नाही. न्यायालयासमोर समाज उभा नसतो, माणूस उभा असतो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: खटला लढवायला वर्षे लागतात, बफेलोचा निकाल नऊ वर्षांनी लागला, मग टपरीवाल्याला न्यायालयाचा हक्क देऊन त्याचे काय भले होणार? हा आक्षेप मान्यच केला पाहिजे, आणि त्यामुळेच उपाय न्यायालयाबाहेर शोधला पाहिजे. महाराष्ट्रात महापुरानंतर तलाठ्याने पंचनामा करायचा आणि ठरावीक दराने मदत द्यायची, ही पद्धत गावोगाव माहीत आहे. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत ठरवली होती. तिथेही भिजलेला माल हीच कसोटी होती. ही कसोटी एक पाऊल पुढे नेता येईल. सार्वजनिक पूल अचानक बंद पडला, आणि बंदी ठरावीक दिवसांपलीकडे लांबली, तर ठरावीक परिसरातल्या, ठरावीक उत्पन्नाखालच्या उपजीविकांना ठरावीक दराने दररोज मदत मिळावी. पैसा पुलाच्या बांधणी-देखभालीच्या खर्चातच आधी बाजूला काढलेल्या निधीतून यावा, आणि ज्याच्या चुकीने पूल पडला त्याच्याकडून, मग तो जहाजमालक असो वा ठेकेदार, सरकारने तो नंतर वसूल करावा. यात चूक कुणाची हे ठरेपर्यंत हमालाला थांबावे लागणार नाही. आणखी एक गोष्ट घडेल. बंद पुलाचा प्रत्येक दिवस सरकारी तिजोरीला महाग पडू लागेल, तेव्हा जुन्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती वेळेवर करण्यामागे निश्चित आकडा उभा राहील. आज तो आकडा दिसत नाही, कारण ती किंमत मनमाडसारखी गावे मुकाट्याने भरतात.

दुरुस्तीचा वेग इच्छेवर अवलंबून असतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल पुरात वाहून गेला, माणसे गेली, आणि त्या धक्क्यातून नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. मृत्यूने सरकारला घाई करायला लावली. उपजीविकेच्या हानीला असा आवाज नसतो. ती एका दिवसात कोसळत नाही, रोज थोडी थोडी झिजते, आणि तिचे पंचनामे कुणी करत नाही.

मनमाडच्या कारखान्यात गर्डर घडवणाऱ्या कारागिराला आणि अभियंत्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पुलावर दोन भार असतात: एक पुलाचा स्वतःचा आणि दुसरा त्यावरून जाणाऱ्या गाडीचा. फक्त पहिला भार धरून कुणी गर्डर केला तर तो कारखान्याच्या फाटकाबाहेर जाणार नाही, कारण ज्याच्यासाठी पूल असतो तो भार दुसराच आहे. दीडशे वर्षांपूर्वी घाईत आखलेल्या कायद्याने मात्र पूल पडल्यावर पहिलाच भार मोजला: किती टन पोलाद, किती घनमीटर दगड, किती रुपये. त्यावरून रोज जाणारे टँकर, कांद्याच्या गाड्या, कामाला निघालेली माणसे, या दुसऱ्या भाराला त्याने हिशेबात जागा दिली नाही. ती जागा देणे अशक्य नाही, हे १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, फ्रेझर नदीवरच्या रेल्वेने आणि उरणच्या कोळ्यांनी दाखवले आहे. पूल बांधताना जो हिशेब करतात, तोच पूल पडल्यावरही करावा, इतकीच ही मागणी आहे.